ओबोचे सूर आणि मागून आलेले शब्द

चित्रपटासाठी रचलेली एखादी सुरावट आधी केवळ वाद्यांवर वाजते, लोकांच्या मनात घर करते आणि काही काळाने कोणी कवी तिच्यावर शब्द चढवून तिचे गीत करतो, असे पाश्चात्त्य चित्रसृष्टीत पुष्कळदा घडले आहे. चालीवर शब्द बसविणे आपल्याला अपरिचित नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासून मराठी नाटककारांनी प्रचलित चालींवर पदे रचली, आणि हिंदी चित्रपटगीतांचा मोठा भाग संगीतकाराने आधी बांधलेल्या चालीवरच लिहिला गेला. पण तेथे चाल एक तर दुसऱ्या पदाची असते, नाही तर शब्दांची वाट पाहतच जन्मलेली असते. येथे आम्ही ज्या सुरावटींचा विचार करीत आहोत त्या शब्दांवाचून पूर्ण झालेल्या होत्या. त्यांना कशाचीही उणीव नव्हती.

हा विचार आम्हांस करावासा वाटला तो 'द मिशन' (१९८६) ह्या चित्रपटातील एका सुरावटीमुळे. लग्नाच्या मिस्सेत अर्पणविधीच्या वेळी ती व्हायोलिनवर वाजलेली आम्ही ऐकली आहे, आणि पुढे तीच सुरावट इटालियन शब्दांसह गायिकेच्या कंठातूनही ऐकली आहे. गाणारीचा आवाज गोड होता. तक्रार त्याविषयी नाही. ऐकताना काहीतरी हरवले असे जे वाटले, ते नेमके काय, याचा शोध घ्यावा एवढाच ह्या लेखाचा हेतू.

आधी जेथे शब्द शोभले अशी दोन उदाहरणे पाहू. चार्ली चॅप्लिनने 'मॉडर्न टाइम्स' (१९३६) साठी स्वतः एक सुरावट रचली. तिला शब्द मिळाले ते १९५४ साली, जॉन टर्नर आणि जेफ्री पार्सन्स ह्यांच्याकडून. नॅट किंग कोलच्या आवाजात 'स्माइल' हे गीत जगभर पोहोचले, तेव्हा चॅप्लिन अमेरिका सोडून स्वित्झर्लंडात राहावयास गेला होता. ते शब्द उपरे वाटत नाहीत, याचे कारण ते चित्रपटातच होते. शेवटच्या प्रसंगात रस्त्याकडेला बसलेली मुलगी हताश होते, भटक्या तिला धीर देतो, चालता चालता ओठांकडे बोट नेऊन हसण्याची खूण करतो, आणि दोघे लांबच्या रस्त्याने निघून जातात. अठरा वर्षांनंतरच्या कवींनी त्या खुणेलाच वाचा दिली. 'लॉरा' (१९४४) ह्या चित्रपटासाठी डेव्हिड रॅक्सिनने रचलेल्या सुरावटीचेही तसेच. मृत समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या चित्राभोवती ते कथानक फिरते. जॉनी मर्सरने पुढे लिहिलेले शब्दही तिला हाती लागू देत नाहीत, ओझरती दाखवून सोडून देतात.

'डॉक्टर झिवागो' (१९६५) मधील मॉरिस जार ह्यांच्या सुरावटीला पॉल फ्रान्सिस वेब्स्टरने दिलेल्या शब्दांविषयी मात्र आमचे मत इतके अनुकूल नाही. क्रांतीत उद्ध्वस्त झालेल्या प्रेमाची ती सुरावट, आणि शब्द पुनर्भेटीच्या गोड आश्वासनाचे. त्या चित्रपटाची पटकथा रॉबर्ट बोल्ट ह्यांची होती. संत थॉमस मोर ह्यांच्यावरील 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' ह्या नाटकाचे लेखक म्हणून आपले वाचक त्यांना ओळखतात. 'द मिशन'ची पटकथाही त्यांचीच.

रोलँड जॉफे ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटाला कान महोत्सवातील सर्वोच्च पुरस्कार मिळाला. कथा आहे दक्षिण अमेरिकेतील ग्वारानी लोकांत येशूसंघीयांनी वसविलेल्या ख्रिस्ती वसाहतींची. १७५० सालच्या माद्रिद करारान्वये स्पेनने उरुग्वाय नदीच्या पूर्वेकडील सात वसाहती पोर्तुगालला देऊन टाकल्या आणि तेथील ग्वारानींना घरदार सोडून जाण्याचा हुकूम झाला. त्यातून युद्ध उद्भवले. चित्रपटाने हा इतिहास आखडून एका वसाहतीत आणला आहे.

आरंभीच एका धर्मगुरूला क्रुसाला बांधून धबधब्यात सोडून दिले जाते. त्याच्या जागी जाण्यासाठी फादर गॅब्रिएल धबधब्याचा कडा चढून वर येतात, अरण्यात एका खडकावर बसतात आणि ओबो काढून वाजवू लागतात. ओबो हे आपल्या सनईसारखेच दुहेरी पातीचे वाद्य. फुंकणाऱ्याची धाकधूक लपवू न देणारे. झाडीतून धनुष्यबाण घेतलेले ग्वारानी पुढे सरकतात. एक जण वाद्य हिसकावून मोडून टाकतो, दुसरा तुकडे जुळवू पाहतो, आणि शेवटी ते फादरांचा हात धरून त्यांना आपल्याबरोबर नेतात. या साऱ्या प्रसंगात दोन्ही पक्षांना समजेल असा एकही शब्द नाही. उभयतांची भाषा एक नाही, म्हणूनच ओबो आहे. सुरावटीचे निःशब्द असणे हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे.

एन्निओ मोरिकोने ह्यांनी संगीतविरहित चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा हे काम नाकारले होते. संगीतावाचूनच तो चांगला आहे असे आपण म्हणालो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. स्वीकारले तेव्हा बंधने होतीच. पडद्यावरील नटाच्या हातात ओबो होता, म्हणून वाद्य ठरलेले. काळ अठराव्या शतकाचा, म्हणून त्या काळच्या युरोपीय संगीतातील कणस्वर आणि मुरक्या हव्यातच. ह्या बंधनांतून ती संथ सुरावट झाली. तिच्या जोडीला त्यांनी आणखी दोन धागे घेतले, चर्चमधील समूहगायनाचा आणि तद्देशीय तालांचा, आणि हे तिन्ही एकत्र गुंफले. त्या गुंफणीत शब्द आहेत, लॅटिन शब्द, पण ते गायनवृंदाच्या तोंडी. ओबो त्यांच्यामधून निःशब्दच वाहतो. शब्द कोणाला द्यावयाचे आणि कोणाला नाही, हा निर्णय संगीतकाराने विचारपूर्वक केला होता, हे येथे ध्यानी घ्यावे.

१९९८ साली सेरा ब्राइटमन ह्यांच्या 'ईडन' ह्या ध्वनिमुद्रिकेत तीच सुरावट 'नेला फँतासिया' ह्या नावाने गीत होऊन आली. इटालियन शब्द कियारा फेराऊ ह्यांचे. मोरिकोने ह्यांनी प्रथम साफ नकार दिला होता, आपण पत्रांमागून पत्रे पाठविली तेव्हा कोठे ते राजी झाले, असे ब्राइटमन ह्यांनी स्वतः सांगितले आहे. त्या नकारात आम्हांस हट्टीपणा दिसत नाही.

गीताचा आशय असा: कल्पनेत मला एक न्यायी जग दिसते, तेथे सारे शांतीने आणि सचोटीने राहतात, आत्मे मुक्त असतात. ह्यात वावगे काय, असे कोणी विचारील. वावगे काही नाही. पण चित्रपटातील ती वसाहत कल्पनेतली नव्हती. ती विटामातीने बांधलेली होती, तेथे वाद्ये घडविली जात होती, आणि ती तोफांनी जाळली गेली. फादर गॅब्रिएल शस्त्र हाती न घेता पवित्र साक्रामेंत घेऊन मिरवणुकीच्या अग्रभागी चालत जातात आणि गोळी लागून पडतात. जे होते आणि नष्ट केले गेले, त्याला गीत स्वप्न म्हणते. स्वप्न मोडल्याबद्दल कोणाला जाब विचारावा लागत नाही.

संगीताच्या अंगानेही काही बदलते. ओबोवर जो कणस्वर भ्यालेल्या माणसाच्या श्वासासारखा थरथरतो, तो कसलेल्या गायिकेच्या गळ्यात अलंकार होतो. एकेका दीर्घ सुरावर इटालियन स्वर सुंदर पसरतात, पण पुढे कोण ऐकत आहे आणि त्याच्या हातात काय आहे, याची भीती उरत नाही.

येथे न्यायाने दुसरी बाजूही मांडावयास हवी. मोरिकोने ह्यांनी परवानगी दिली, आणि २०११ साली हेली वेस्टेन्रा ह्या गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांनी स्वतः वाद्यवृंदाचे संचालन केले. तीत ह्या सुरावटीला इंग्रजी शब्दही मिळाले. शब्दांशी त्यांचे वैर नव्हते. येशूसंघाच्या पुनःस्थापनेला दोनशे वर्षे झाल्याप्रीत्यर्थ त्यांनी पोप फ्रान्सिस ह्यांच्या नावे मिस्सासंगीत रचले, आणि १० जून २०१५ रोजी ते रोमच्या जेझू चर्चमध्ये प्रथम सादर झाले. तेव्हा प्रश्न शब्द असावेत की नसावेत एवढाच नाही. कोणाचे शब्द, हा खरा प्रश्न आहे.

आणि तो चित्रपटालाही विचारला पाहिजे. 'द मिशन'मध्ये ग्वारानी गातात ते लॅटिनमध्ये. कार्डिनलपुढे एक ग्वारानी मुलगा गातो, तेव्हा स्पॅनिश अधिकारी म्हणतो की गाणे पोपटालाही शिकविता येते. चित्रपटाला त्या अधिकाऱ्याची चीड आहे, यात शंका नाही. परंतु त्या मुलाच्या लोकांना तोही बोलू देत नाही. त्यांच्या आपापसातील बोलण्याचा अर्थ प्रेक्षकाला बहुतेक कळतच नाही. प्रत्यक्ष इतिहास याहून समृद्ध होता. फादर अंतोनिओ रुईझ दे मोंतोया ह्यांनी १६३९ साली ग्वारानी भाषेचा कोश प्रसिद्ध केला; त्या वसाहतींत प्रार्थना आणि धर्मशिक्षण त्याच भाषेत चाले. ओबोच्या सुरावटीला मागून शब्द द्यावयाचेच होते, तर ती जागा ग्वारानी शब्दांची होती. ती इटालियनने घेतली, मग इंग्रजीने.

आपल्या वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स आठवल्यावाचून राहणार नाहीत. पॅराग्वाय प्रांतातील पहिल्या वसाहती १६०९ च्या सुमारास उभ्या राहात होत्या, तेव्हा त्याच संघाचा हा इंग्रज धर्मगुरू गोमंतकात साष्टीत होता. १६१६ साली राचोलला त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले. स्वतःच्या देशाची चाल आणून तिच्यावर त्यांनी मराठी शब्द बसविले नाहीत. त्यांनी येथली ओवी घेतली, पुराण सांगण्याची येथली रीत घेतली, आणि श्रोत्याला जे म्हणता येईल असे लिहिले. त्या काळी गोमंतकात देशी भाषांवर आणि रीतींवर काय काय ओढवले ते विसरून हे म्हणत नाही. पण ओवीपुरता हा देणेघेण्याचा व्यवहार सरळ होता.

राहता राहिला लग्नाच्या मिस्सेचा प्रश्न. 'नेला फँतासिया'त देवाचे नाव नाही, ख्रिस्ताचे नाही, विवाहाचेही नाही. अर्पणविधीला ते इटालियन शब्द गावयाचे, तर वेदीसमोर बसलेल्यांपैकी किती जणांना ते कळतात, हे गायनवृंदाच्या प्रमुखांनी एकदा पाहावे. सुरावट आवडत असेल तर ती व्हायोलिनवर वाजू द्यावी, सनईवर जमली तर अधिकच बरे, आणि कम्युनियनच्या वेळी मराठी गीत म्हणावे. नवे लिहिणारे कवी आपल्या धर्मग्रामांत आहेत.