नवखा आवाज, एकच आवाज

स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके स्वयंसेवकांनी वाचायची आणि ते ध्वनिमुद्रण सर्वांना मुक्त ठेवायचे, हा ‘लिब्रिवॉक्स’चा उपक्रम २००५ साली माँट्रियलमध्ये सुरू झाला. पहिले पुस्तक कॉनरॅडचे ‘द सीक्रेट एजंट’; प्रकरणे वेगवेगळ्या वाचकांनी वाटून घेतली. माझा आक्षेप इथेच आहे. या कादंबरीतला उपरोध एकाच थंड निवेदकाच्या सुरावर तोललेला आहे. प्रकरणागणिक आवाज बदलला की तो तुटतो. वाचकाची आवाजचाचणी घ्यायची नाही, हा त्यांचा नियम मात्र मला मोलाचा वाटतो. (पोथी वाचणाऱ्याचा गळा आपल्याकडे तरी कोण तपासतो?) एकहाती वाचनाची मुभा तिथे आहेच. अशी कादंबरी एकाच नवख्याकडे सोपवावी. तो अडखळला तरी चालेल.