परवानगीचा कागद आणि आपले मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ १९८७ चा. लहानमोठ्या कार्यकर्त्यांची आत्मकथने तर कितीतरी. बिदर-कलबुर्गीकडच्या मराठी घरांत ही पुस्तके पोथीसारखी जपली जातात. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून एक तक्रार नोंदवावीशी वाटते.

‘आणि मराठवाडा’ या शब्दांमुळे आम्ही सीमाभागातले वाचक थोडे हिरमुसतो हे खरे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. भालकीचा सत्याग्रही आणि उदगीरचा सत्याग्रही यांच्यामध्ये तेव्हा सरहद्द नव्हती. पण ती आमची जुनी रड आहे, ती इथे नको.

तक्रार आहे ती या वाङ्मयाच्या नजरेविषयी. तुरुंग, लाठी, सरहद्दीवरचे कॅम्प यांत लेखणी रंगते. कागदाची गोष्ट आली की ती दोन ओळींत उरकली जाते. वास्तविक निजामी राजवटीची खरी हुशारी कागदातच होती. ‘गश्ती निशाण ५३’ म्हणजे एक साधे परिपत्रक. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढा, एवढाच त्याचा अर्थ. पुढे सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली, तीही संस्था रीतसर स्थापन होण्याआधीच. आक्षेप दोन : संस्था जातीय आहे आणि तिचे धागेदोरे बाहेर आहेत. पुढाऱ्यांनी ‘हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स’ असे नाव बदलून पाहिले, तरी दार उघडले नाही. बंदी उठली ती १९४६ मध्ये. आठ वर्षे हा पत्रव्यवहार, या भेटीगाठी चालल्या. एखाद्या कादंबरीला पुरेल एवढा ऐवज त्यात आहे. अकबर हैदरींसारखा सुसंस्कृत दिवाण गोड बोलून संस्थेला जन्माचा दाखलाच नाकारतो, हे दृश्य लाठीमाराहून कमी भयंकर नाही.

लाठी ओळखू येते, कागद ओळखू येत नाही. म्हणूनच ‘बाहेरचे’ हा शब्द पुन्हा आला तेव्हा आम्ही दचकलो नाही. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, ऐन आणीबाणीतला. २०१० मध्ये त्याच्या जागी नवा आला आणि २०२० मध्ये तो आणखी आवळला गेला. त्याच सप्टेंबरात अ‍ॅम्नेस्टीच्या बेंगळुरूच्या संस्थेची बँकखाती गोठवली गेली आणि तिने भारतातले काम थांबवले. हिशेब मागायला माझी हरकत नाही. देवस्थानालाही हिशेब द्यावा लागतो. पण न्यायालयाचा निकाल येण्याआधीच पगाराचा पैसा अडकला, तर पुढे निर्दोष ठरूनही उपयोग काय?

बिदरला आपण हे अधिक जवळून पाहिले. जानेवारी २०२० मध्ये शाहीन शाळेतल्या मुलांनी नागरिकत्व कायद्यावर एक नाटुकले केले. राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. एक शिक्षिका आणि एका विद्यार्थिनीची आई तुरुंगात गेली. पोलीस शाळेत येऊन मुलांची चौकशी करत राहिले. गणवेशात, शस्त्रांसह केलेल्या त्या चौकशीने मुलांच्या हक्कांचा भंग झाला, असे उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले. जून २०२३ मध्ये कलबुर्गी खंडपीठाने गुन्हाच रद्द केला. आमच्या वाचक मंडळात त्या दिवसांत या प्रकरणावर जी काही चर्चा झाली, ती ‘तो त्यांचा प्रश्न आहे’ एवढीच. १९३८ चे सत्याग्रही ज्यांना तोंडपाठ, त्यांचे हे उद्गार!

ही सवय एका दिवसाची नव्हे. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या हत्यांची पाहणी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. सर्वांत जास्त झळ पोचलेले जिल्हे म्हणून तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली. नेहरूंच्या सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशके तो दप्तरात राहिला. रझाकारांचे अत्याचार आपल्या पुस्तकांत पानोपानी आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण हा अहवाल मला त्या पानांत क्वचितच भेटला.

आता कोणी नवे लिहिणार असेल तर त्याने कागदांपासून सुरुवात करावी. सभेसाठी, वाचनालयासाठी, खाजगी शाळेसाठी आजोबांनी केलेल्या अर्जांच्या नकला भालकी-औरादकडच्या काही घरांतल्या पेट्यांत अजून असतील. त्या बहुधा उर्दूत आहेत. आपल्या घरांतली उर्दू वाचणारी पिढी जवळजवळ संपली. त्या वाचून घ्यायच्या तर बिदरच्या त्याच मोहल्ल्यात जाऊन कोणाला तरी विनंती करावी लागेल.