छतात बुडालेला उजेड

हॉलचं फॉल्स सीलिंग नव्याने करायचं ठरलं तेव्हा वायरमनने दोन एलईडी डाउनलाइट आणले. दोन्ही 7 वॅटचे, 3 इंची भोकात बसणारे, पांढऱ्या कडेचे. त्याने ते जोडून एकेक छताशी धरला. पहिला लागताच डोळे आपोआप मिटले. दुसरा लागला तेव्हा मी त्याला म्हणालो, "अरे, पेटला नाही." तो हसला आणि त्याने खाली बोट दाखवलं. चटईची वीण न् वीण दिसत होती.

पहिल्याचा प्रकाश पांढऱ्या झाकणातून थेट बाहेर सांडत होता. दुसऱ्याची चिप चांगली दोन इंच आत, काळसर चकचकीत नळकांड्याच्या तळाशी बसलेली. विहिरीचं पाणी काठाशी जाऊन वाकल्याशिवाय दिसत नाही, तसा हा दिवा बरोबर खाली उभं राहून मान वर केल्याशिवाय दिसतच नाही. ज्या कोनापलीकडे चिप नजरेआड होते त्याला कट-ऑफ म्हणतात. त्या नळकांड्याचा आतला वळसा निरखून पाहावा: भिंतीकडे निघालेला किरण तो अलगद वळवून खाली पाठवतो. कारागिराने केवढा विचार त्या दोन इंचांत ओतलाय!

वीजही अशा विचारानेच वाचते. खोक्यावरचे वॅट आपण सवयीने वाचतो, पण शेजारी छापलेले, उजेड मोजणारे लुमेन वाचायला हवेत. 50 वॅटचा हॅलोजन जे काम करायचा ते आता 7 वॅटमध्ये होतं, हे खरंच. पण दिवे किती लावतो तेही पाहायला हवं: हॉलच्या नकाशावर 12 ठिपके काढले होते आणि उजेड हवा होता चारच जागी: टेबल, वाचायची खुर्ची, पुस्तकांची भिंत, दार. आम्ही चारच लावले. सगळे मिळून 28 वॅट.

टेबलावरच्या दिव्याचा झोत 36 अंशांचा घेतला. छतापासून टेबल 6 फूट खाली, म्हणजे तिथे उजेडाचं वर्तुळ साधारण 4 फुटांचं पडतं: चार ताटं आत, माणसांचे चेहरे कडेच्या मऊ उजेडात. त्या वर्तुळाला कापल्यासारखी धार नाही. ते विरत जातं, आणि कुठे संपलं ते सांगता येत नाही.

पाठीमागची बाजू एकदा छतात गेली की कुणी पाहणार नाही, तरी ती हातात घेऊन पाहावी. ॲल्युमिनियमच्या पाकळ्या, चांगल्या जाड. एलईडीची उष्णता मागे जाते. ती निघून गेली नाही तर चिप लवकर मंदावते. म्हणून वर तीनेक इंच मोकळी जागा सोडायला पीओपीवाल्याला आधीच सांगावं लागतं. चिपला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरची परीक्षा मोबाइलवर होते: स्लो मोशनमध्ये चित्रण करा. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर साधा ड्रायव्हर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि पडद्यावर पट्टे सरकू लागतात. आमच्या दिव्याचं चित्र संथ पाण्यासारखं स्थिर होतं.

मला सगळ्यात जास्त मोह पडला तो रंगाचा. पांढरा एलईडी बहुधा मुळात निळा असतो. या निळ्या एलईडीसाठीच 2014चं भौतिकशास्त्राचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड काढतात. त्यात गडद लाल सहज अपुरा राहतो. रंग किती खरे दिसतात ते सांगणारा खोक्यावरचा आकडा, सीआरआय, आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो आर 9 नावाने वेगळा मोजतात. म्हणून 80 सीआरआयच्या दिव्याखालीही कुंकू विटकं दिसू शकतं. दुकानात आर 9 विचारला की समोरचा बऱ्याचदा गोंधळतो. मी सरळ डाळिंब घेऊन गेलो होतो.

आमचा दिवा 3000 केल्विनचा, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा, सीआरआय 90 च्या वरचा. पहिल्या संध्याकाळी त्याच्याखाली तेच डाळिंब सोललं. दाण्याच्या पोटातला माणकासारखा लाल, टोकाकडे फिका होत गेलेला गुलाबी, मधल्या पापुद्र्याचा हस्तिदंती पिवळा, सगळे आपापल्या जागी होते. वर छत अंधारं. वाटी भरेपर्यंत कुणीच मान वर करून पाहिलं नाही.