सुधाकरचं औषध
दोह्यात दुकानातून दारू घ्यायला परमिट लागतं. तुम्ही ते काढता. डिप्रेशनच्या गोळीला मात्र साइड इफेक्ट्सच्या भीतीने नाही म्हणता. मग गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ परत वाचाच. सुधाकर चैनीसाठी पीत नाही. कोर्टात अपमान होतो, सनद जाते आणि तळीराम प्याला पुढे करतो, चक्क औषध म्हणून! ते लगेच लागूही पडतं. गडकरी हे लपवत नाहीत, म्हणून नाटक अजून टोचतं. फ्लुओक्सेटिनला गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ, झोप उडणं, कामेच्छा कमी होणं हे सगळं पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं. बाटलीसोबत असा कागद येत नाही. शिवाय सुधाकरच्या औषधाचे दुष्परिणाम सिंधू भोगते. एक खटकतं: नाटक उपदेश भरपूर करतं, पण ज्या दुखण्यावर तो प्याला होता, ते दुखणं पुढे मागेच पडतं.