'सरंजाम' आणि सार्वभौमत्व : हेगच्या एका निकालाचे शब्दार्थदृष्ट्या परीक्षण

आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी पोर्तुगाल विरुद्ध भारत या मार्गाधिकाराच्या खटल्यात दिलेला निकाल कायद्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. मराठीच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे वळून पाहिल्याचे फारसे आढळत नाही. वास्तविक त्या निकालाचा एक महत्त्वाचा भाग अठराव्या शतकातील मराठी राजव्यवहाराच्या परिभाषेवर उभा आहे.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगरहवेली येथील पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली. दमणहून तेथे जाण्याचा मार्ग भारताने बंद केला, आणि २२ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालने हेगच्या न्यायालयात अर्ज दाखल केला. या प्रदेशावरील आपले सार्वभौमत्व १७७९ च्या पुण्याच्या तहाने व १७८३ आणि १७८५ च्या मराठी सनदांनी सिद्ध होते, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा मुख्य आधार तहाच्या सतराव्या कलमावर होता.

न्यायालयाने हा दावा नाकारला, व त्यासाठी योजिलेली पद्धती कोणाही भाषाभ्यासकास मान्य व्हावी अशी आहे. शब्द एकटा न घेता त्याच राजव्यवहारातील अन्य शब्दप्रयोगांच्या शेजारी तो ठेवून पाहिला गेला. मराठ्यांना प्रदेश कायमचा तोडून द्यावयाचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट शब्दांत लिहीत. येथे तसे शब्द नाहीत. येथे आहे तो सालीना बारा हजार रुपये उत्पन्नाचा सरंजाम, अर्थात जहागीर. आपल्या नागपूरच्या इतिहासातूनही हा भेद दाखविता येईल. १८०३ च्या देवगावच्या तहात रघूजी भोसले यांनी कटक प्रांत कंपनीस दिला. त्या तहाच्या इंग्रजी मसुद्यात चिरंतन सार्वभौमत्वाची भाषा उघडपणे येते.

आजच्या वाचकाने येथे सावध राहावयास हवे. 'ही काय तुझ्या बापाची जहागीर आहे?' असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनात निर्वेध मालकी असते. सनदेतील जहागीर म्हणजे महसुलाची नेमणूक होय. ती देणाऱ्याचे स्वामित्व त्या देण्याने सरत नाही. शब्दाचा अर्थ पुढे इतका पालटला की जुना कागद आज सरळ वाचणारा पोर्तुगालच्या बाजूने चुकण्याचा संभव अधिक.

येथवर निकाल निर्दोष वाटतो. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे : सतराव्या कलमाचे विविध पाठ आपणांपुढे आले, असे न्यायालय म्हणते, परंतु निष्कर्षाच्या ठिकाणी ते पाठ शेजारीशेजारी मांडीत नाही. त्यामुळे वाचकास निर्णय मिळतो, पडताळा मिळत नाही.

खरा आक्षेप पुढील पायरीवर आहे. मराठ्यांच्या जागी इंग्रज आले. पोर्तुगीजांचा अंमल त्यांनी जसा होता तसा राहू दिला, स्वतः हक्क सांगितला नाही, व स्पष्ट मान्यताही दिली नाही. तेवढ्यावरून पोर्तुगीज सार्वभौमत्वास त्यांची गर्भित मान्यता होती, आणि पुढे भारतानेही ती मुकाट्याने दिली, असे न्यायालय ठरविते. म्हणजे शब्दांनी जे दिले नव्हते ते मौनाने दिले! दीर्घकालीन वहिवाटीस कायद्यात स्थान आहे, हे मान्य. पण शब्दासाठी अन्य तहांची साक्ष काढणारे न्यायालय मौनाचा अर्थ लावताना तशी कोणतीच तुलना करीत नाही, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

आणि मौन कोणाचे? इंग्रजांचे. तेथील वारली, धोडिया, कोकणा लोकांचा शब्द या विवेचनात कोठेही नाही. अर्थात न्यायालयापुढे प्रश्न मार्गाचा होता, लोकेच्छेचा नव्हता. पोर्तुगालचे राजनैतिक चातुर्य नेमके या मांडणीत होते, असे मला वाटते : वाद रस्त्याचा केला की रस्त्याच्या टोकाशी राहणारी माणसे आपोआप बाजूस पडतात. अखेरीस खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांपुरता मार्गाधिकार अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. सशस्त्र दले, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांबाबत तो आठ विरुद्ध सात मतांनी नाकारला गेला. भारताने आपल्या कर्तव्याचा भंग केला नाही, असेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

स्वयंनिर्णयाचा प्रश्न त्याच वर्षी दुसऱ्या व्यासपीठावर आला, आणि तेथेही भांडण नावाचेच होते. पोर्तुगालने १९५१ मध्ये वसाहतींचे 'सागरपार प्रांत' असे नामांतर केले होते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठराव क्रमांक १५४२ मध्ये ते नाव ग्राह्य मानले नाही. गोवा व त्याच्या अंकित प्रदेशांची गणना अस्वयंशासित प्रदेशांत केली. या ठरावाने वर्षभरात काही घडले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरले, आणि पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व तहाने मान्य केले ते १९७४ च्या ३१ डिसेंबरला. त्या तहाच्या भाषेचेही असेच परीक्षण व्हावयास हवे; सनदा वाचू शकणाऱ्या कोणा विद्यार्थ्याने ते हाती घ्यावे.