तिसरं अक्षर

एखाद्या माणसाची आठवण काढायची तर आपण त्याची पत्रं उघडतो, फोटो काढतो. विल्यम मेरेल व्होरीझ या माणसाच्या बाबतीत मला त्याचं नावच पुरतं. जन्मल्यावर ठेवलेलं नव्हे, साठीत पाऊल टाकल्यावर त्यानं स्वतः घेतलेलं.

१८८० साली कॅन्सस राज्यातल्या लेव्हनवर्थ गावी जन्मलेला हा अमेरिकन. जानेवारी १९४१मध्ये, म्हणजे जपान आणि अमेरिका एकमेकांच्या उरावर बसायला वर्ष उरलं नव्हतं तेव्हा, त्यानं जपानचं नागरिकत्व घेतलं. आडनाव घेतलं बायकोचं, हितोत्सुयानागी. अर्थ ‘एक वाळुंज’. (वाळुंज आडनावाची माणसं आपल्याकडेही आहेत, त्यामुळे मला ते लगेच घरचं वाटलं.) घरजावई शब्द आपण जरा खालच्या पट्टीत उच्चारतो, इथे तो मान ताठ ठेवून वावरतो. आणि ‘मेरेल’चं जपानी तोंडी होणारं ‘मेरेरु’ त्यानं तीन चिन्हांत लिहिलं. पहिल्याचा अर्थ तांदूळ, पण तेच चिन्ह अमेरिकेसाठीही वापरतात. दुसऱ्याचा अर्थ येणं, तिसऱ्याचा राहणं. अमेरिकेहून आला, राहिला.

श्लेषावर पोसलेल्या मराठी वाचकाला ही कोटी सुखावणारच. पण कोटी म्हणून ती जराशी सोपी आहे, हेही कबूल करायला हवं. तिला वजन येतं ते तिसऱ्या अक्षरामुळे. येणारे पुष्कळ असतात.

हा आला १९०५च्या फेब्रुवारीत, बिवा सरोवराकाठच्या हाचिमान गावी, व्यापारी शाळेत इंग्रजी शिकवायला. खरं तर त्याला वास्तुविशारद व्हायचं होतं. १९०२मध्ये टोरांटोच्या विद्यार्थी परिषदेत चीनमध्ये काम केलेल्या एका मिशनरी बाईंचं भाषण ऐकलं आणि तो बेत त्यानं सोडून दिला. हाचिमानला बायबलचा वर्ग चालवला, मुलं जमू लागली, गावात कुजबुज झाली आणि १९०७मध्ये नोकरी गेली. पाठीशी पगार देणारं मिशन नाही. दुसरा कुणी असता तर बोट पकडून घरी गेला असता.

यानं धंदा काढला. सोडलेली वास्तुकलाच पोटापाण्याला आली! औपचारिक शिक्षण नसताना त्याच्या कचेरीनं जपान-कोरियात दीड हजारांच्या आसपास इमारती उभ्या केल्या: ओसाकाचं दाइमारू दुकान, क्वान्सेई गाकुइन विद्यापीठ, सोलच्या इह्वा विद्यापीठातल्या वास्तू. त्या कचेरीच्या उभारणीत सोबत होता योशिदा एत्सुझो, शाळेतला त्याचाच विद्यार्थी. नोकरी काढून घेता आली, वर्ग नाही. पुढे १९२०पासून मेंथोलॅटम मलमाची विक्री सुरू झाली. हक्क दिले कॅन्ससमधल्याच ए. ए. हाइड या श्रद्धाळू उद्योजकानं. धंद्याचा पैसा धर्मप्रचाराला, शाळेला, १९१८पासून चालणाऱ्या क्षयरुग्णालयाला. सरोवराकाठची गावं फिरायला एक मोटारबोट होती, तिचं नाव गॅलिली. बायबलमधलं सरोवर त्यानं बिवाच्या पाण्यात सोडलं, असं मला ते नाव वाचताना वाटतं.

गंमत अशी की, हा ओमी मुलूख मुळात बाहेर पडणाऱ्यांचा. ओमीचे व्यापारी खांद्यावर कावड घेऊन मच्छरदाण्या, तागाचं कापड विकत अख्खा जपान पालथा घालत. विकणाऱ्याचं भलं, घेणाऱ्याचं भलं, समाजाचंही भलं, ही त्यांची रीत पुढे एका सूत्रात बांधली गेली. अशा गावात समुद्र ओलांडून एक उपरा उलट्या दिशेनं येतो आणि व्यापारानं परमार्थ साधायचा म्हणतो. गावाला त्याचा धर्म परका वाटला असेल, हिशेब नक्कीच ओळखीचा वाटला असणार.

त्याच्या वास्तूंमध्ये मी सर्वात जास्त वेळ थबकतो तो तोयोसातो गावच्या प्राथमिक शाळेच्या जिन्यापाशी. १९३७ची ही शाळा. पैसा दिला तिथेच शिकून मोठा व्यापारी झालेल्या फुरुकावा तेत्सुजिरो यांनी. जिन्याच्या कठड्यावर धातूचे छोटे ससा आणि कासव बसवलेत. पायऱ्या चढत जावं तशी गोष्ट पुढे सरकते: खाली शर्यत सुरू, मग ससा पुढे, मग झोपलेला ससा, आणि शेवटी टोकाला पोहोचलेलं कासव. गोष्ट सांगायला मास्तर नाही, भिंतीवर सुविचार नाही. पोराचा हात कठड्यावरून सरकताना बोटांना आधी ससा लागणार, मग कासव. मूल वर्गात पोहोचेस्तोवर गोष्ट संपलेली. शिकवण्याची एवढी अबोल तऱ्हा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

१९५७मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला आणि व्होरीझ अंथरुणाला खिळला. सात वर्षं तसाच. १९५८मध्ये हाचिमाननं त्याला आपला पहिला सन्माननीय नागरिक केलं. ७ मे १९६४ला तिथेच गेला. पुढे १९७४मध्ये त्याच्या कंपनीचं दिवाळं वाजलं, मेंथोलॅटमचं नाव हातचं गेलं. कंपनी सावरली आणि जवळपास त्याच नावाचं मलम विकू लागली.

तोयोसातोची शाळाही पाडायला निघाले होते. गावकरी कोर्टात गेले. नवी शाळा शेजारी बांधली गेली. जुन्या इमारतीतला जिना आहे तिथेच आहे, कठड्यावरचा ससा अजून झोपलेला आहे.