बहिणाबाईंचें स्वप्न आणि संस्कार

संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनांत, कोल्हापुरीं वासराच्या मृत्यूनंतर त्यांस स्वप्नांत तुकोबांचें दर्शन व उपदेश झाल्याचें वर्णन आहे. हा प्रसंग कोणी चमत्कार म्हणून शिरोधार्य मानितात, कोणी भ्रम म्हणून त्याज्य ठरवितात. आमच्या मतें दोन्ही पक्ष एकांगी होत.

तत्पूर्वीं जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग बाईंच्या कानीं पडले होते. स्वतः तुकोबांसही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांतच झाला होता. अनुभवाचा सांचा संप्रदायानें आधींच घडविला होता. स्पेनमधील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांस सुवर्णाचा भाला घेतलेला देवदूत दिसला, तोही याच न्यायानें.

संस्कारावांचून अनुभव नाहीं, हा पक्ष १९७८ सालीं स्टीव्हन कॅट्झ यांनीं आग्रहानें मांडिला. तो येथें अर्धाच लागू पडतो. बाई ब्राह्मण कुळांतील. शूद्र गुरूस पतीचा तीव्र विरोध. घरचा संस्कार एक, कीर्तनाचा दुसरा. संस्कारानें दर्शनाचें रूप उलगडतें. दोहोंतून बाईंनीं केलेली निवड मात्र उलगडत नाहीं.

सबब संग्राहकांस विनंति कीं, पोथी उतरतांना असले स्वप्नप्रसंग गाळूं नयेत. बाह्य घटनेचा तो पुरावा नव्हे, मनोभूमीचा आहे.